दमा माझा, रजिस्ट्रेशन त्यांचं

माझे वडील गॅझेटेड ऑफिसर होते आणि गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत या गोष्टीला लिफ्टपेक्षा जास्त किंमत होती, कारण लिफ्ट वीज असेल तेव्हाच चालायची. रविवारी सकाळी आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. कुणाच्या मुलाची मार्कशीट, कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा जन्माचा दाखला. सोबत त्याची फोटोस्टॅट. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालूनच बसायचे. बनियनवर सरकारी सही करणं त्यांना पटायचं नाही. एक बोट मूळ कागदावर, एक बोट प्रतीवर, अशी ओळन् ओळ जुळवून झाली की शिक्का आणि हिरव्या शाईतली सही. कुणी मिठाई आणली तर डबा न उघडता परत. शिक्क्याचं पॅड ओलं ठेवणं हे माझं काम होतं. त्या कामात बोलावं लागत नसे, म्हणून मला ते आवडायचं. ‘साक्षांकित’ हा शब्द मला फार उशिरा कळला. आमच्या घरात सगळं ‘अटेस्ट’ व्हायचं.

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथे आलो तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. मंत्रालयातल्या लोकांनी मिळून को-ऑपरेटिव्ह सोसायटी काढली होती, त्यात पाच-सहा घरं मराठी. सगळ्यांना वाटत होतं की आपण पुढे चाललो आहोत. केबलवर रोज नवा चॅनेल, पार्किंगमध्ये हप्त्याच्या गाड्या, गेटवर शिट्टीवाला गार्ड. गेटच्या पलीकडे मात्र ऊस तोडलेली शेतं आणि त्यांत उभे राहणारे टॉवर, आणि दिवसभर उडणारं सिमेंट. बाल्कनीचा कठडा सकाळी पुसला तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. मला दमा होता, लहानपणापासूनच. या प्रगतीत तो वाढला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला पंप दिला होता. आईने तो कधी मनापासून स्वीकारला नाही. “पंप म्हणजे शेवटचं औषध. एकदा लागला की सुटत नाही,” असं ती सगळ्यांना सांगायची, जणू दमा सुटणारा होता आणि पंपामुळेच राहिला होता. शिवाय पुढे स्थळं बघायची होती. म्हणून पंप तिच्या कपाटात असायचा, साड्यांच्या मागे. लागला की मी मागायचा आणि तिने द्यायचा. स्वतःच्या घरात मला श्वास मागून घ्यावा लागे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये एक डॉक्टर राहायला आले. मेरठकडचे, पांढऱ्या केसांचे, बोलायला अतिशय मऊ. होमिओपॅथी आणि निसर्गोपचार, दोन्ही करायचे. सोसायटीच्या नियमानुसार फ्लॅटमध्ये दुकान चालवायला बंदी होती, सूट फक्त रजिस्टर्ड डॉक्टरांना. तेव्हा एका रविवारी तेही चपलांच्या ढिगात आपली चप्पल काढून आत आले आणि दोन प्रमाणपत्रं टेबलावर ठेवली. एक होमिओपॅथीच्या सरकारी रजिस्ट्रेशनचं. दुसरं निसर्गोपचाराच्या डिप्लोम्याचं, कुठल्याशा संस्थेचं. त्याला सोनेरी किनार होती आणि अक्षरं पहिल्यापेक्षा मोठी होती. बाबांनी नेहमीप्रमाणे दोन्ही जुळवली. चूक काहीच नव्हती. प्रत मूळ कागदासारखीच होती.

पुढच्या महिन्यात आई मला खाली घेऊन गेली तेव्हा भिंतीवर त्या प्रतीच फ्रेम करून लावलेल्या होत्या. “ओरिजिनल लॉकर में हैं, भाभीजी. यहाँ सीलन बहुत है,” डॉक्टर भिंतीची ओल दाखवत म्हणाले. त्या काळ्या-पांढऱ्या कागदांवर रंग होता तो फक्त माझ्या वडिलांच्या सहीचा.

बाबाही एकदा आपलं ब्लडप्रेशर दाखवायला तिथे गेले. हात पाठीमागे बांधून त्यांनी दोन्ही फ्रेम वाचल्या, आणि वर येऊन आईला सांगितलं, “माणूस पक्का आहे. कागदपत्रं एकदम चोख.”

त्यांना धीर आला होता तो स्वतःच्याच सहीने. मी ते पाहिलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी माझी सगळी हकीकत घेतली. हे मान्य केलंच पाहिजे की सरकारी दवाखान्यात मला कुणी बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि इथे डॉक्टर गालाला हात लावून, घाई न करता ऐकत होते. आई त्यानेच विरघळली. फक्त ते जे विचारत होते त्याचा माझ्या छातीशी काय संबंध, ते मला कळेना. स्वप्नं कसली पडतात. कुणी समजूत घातली तर बरं वाटतं की राग येतो. ऊन आवडतं की सावली. मला परक्या माणसाला माझी स्वप्नं सांगायची नव्हती, तेव्हा मी गप्प बसले आणि आईने माझ्या वतीने उत्तरं दिली. “बोलती ही नहीं है यह. कॉन्वेंट में पढ़ी है, पर चार लोगों में मुँह नहीं खोलती.” हे ती हिंदीत म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

“यही तो है,” डॉक्टर म्हणाले आणि लिहून घेतलं. माझा अबोलपणा हे लक्षण ठरलं. दमा अबोलपणातून आला होता किंवा अबोलपणा दम्यातून, पण गोळी दोन्हींवर एकच होती.

मग साबुदाण्याएवढ्या गोळ्या, सकाळी पोटावर मातीची पट्टी, टबात थंड पाण्यात बसणं. कांदा, लसूण, कॉफी, कापूर बंद. आणि पंप बंद. अंग्रेजी औषध रोगाला दाबतं, बाहेर पडू देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पंप लागेल असं वाटलं तर आधी मला बोलवा, मी स्वतः जिना चढून येईन, असंही ते म्हणाले. मला त्रास वाढला तेव्हा ते खूश झाले. रोग बाहेर पडतोय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी कॉलेजातून परतले तेव्हा वीज नव्हती. बाहेर लू होती, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा. सहा मजले चढून घरात आले आणि दारातच बसले. आत यायची हवा येत होती, बाहेर जायची जात नव्हती. ज्यांना हे होतं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना होत नाही त्यांना सांगून उपयोग नाही. मी कपाटाकडे बोट दाखवलं. आईने कपाटाकडे न जाता खाली माणूस पाठवला. डॉक्टर आले. बाबांना शनिवारची सुट्टी होती, तेही खोलीत होते.

“कुछ मत दीजिए,” डॉक्टर म्हणाले. “छाती पर गीला कपड़ा. यह मैं ज़बान पर रख रहा हूँ.”

मी पुन्हा बोट दाखवलं. आई माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरांकडे बघत होती. आणि बाबा, ज्यांनी लहानपणी मला खांद्यावर घेऊन रात्रीच्या रात्री फेऱ्या मारल्या होत्या, ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बेटा, थोडा धीर धर. ते रजिस्टर्ड आहेत.”

मी उठले. भिंतीला धरून आईच्या खोलीत गेले, कपाट उघडलं, साड्या जमिनीवर ओढून काढल्या. पंप हाताला लागला. घेतला. थोडं थांबून परत घेतला. मग साड्यांवरच बसून राहिले.

“दब गया फिर से,” डॉक्टर दारातून हळहळले. “इतने दिन की मेहनत गई.”

त्या दिवसापासून पंप माझ्या पर्समध्ये राहिला, पण तो संपत आला होता. हलवला की आतून हलका वाजायचा. नवा मिळायचा तो सरकारी दवाखान्यातून, बाबांच्या कार्डावर. मी बाबांकडे मागितला. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते कधीच सरळ नाही म्हणायचे नाहीत. म्हणाले, “कोर्स पूर्ण होऊ दे. मधेच सोडलं तर दोन्ही डॉक्टरांना दोष देता येणार नाही.” ऑफिसातली टिप्पणी असावी तसं ते वाक्य होतं.

असं सगळं चालू असताना सोसायटीचे सेक्रेटरी एका रविवारी आले. बँकेतून रिटायर झालेले, उत्साही गृहस्थ. बरोबर डॉक्टर. सह्यांसाठी आलेले लोक निघून गेले होते आणि आई चहा करत होती. सेक्रेटरींचा बेत असा होता की आसपासच्या सोसायट्यांनी मिळून सरकारला निवेदन द्यायचं. होमिओपॅथीला जसा कायदा आहे, कौन्सिल आहे, तसं निसर्गोपचारालाही हवं. परीक्षा हवी, परवाना हवा.

“बिल्कुल सही,” बाबा म्हणाले. त्यांना हे मनापासून पटलं होतं, आणि त्यांचा मुद्दा खोटाही नव्हता. “आज कोई भी उठता है और बोर्ड लगा देता है. कानून आया तो फ़र्ज़ी लोग अपने आप बाहर.”

“तो बस, बिटिया ड्राफ्ट कर देगी,” सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “इंग्लिश मीडियम किस दिन काम आएगा? और एक पैराग्राफ अपने केस का. पहले कैसी थी, अब कैसी है. पूरे नाम के साथ. उसका वज़न पड़ता है, भाईसाहब, नाम का.”

सोसायटीचे सगळे इंग्रजी अर्ज मीच लिहायचे. पाण्याचा, ट्रान्सफॉर्मरचा, भटक्या कुत्र्यांचा. न बोलणारी मुलगी या कामाला बरी. पण हा अर्ज लिहिला असता तर माझ्याच अक्षरात, माझ्याच नावाने कागदावर आलं असतं की मी बरी झाले. बऱ्या झालेल्या मुलीला नवा पंप कोण आणून देणार?

“मी नाही लिहिणार,” मी बाबांना मराठीत म्हटलं.

“हिंदीत बोल. पाहुणे बसलेत.”

“नहीं लिखूँगी. मैं ठीक नहीं हुई हूँ.”

“टाइम लगता है, बिटिया,” डॉक्टर म्हणाले.

“तो टाइम के बाद लिखेंगे.”

आई ट्रे घेऊन दारात उभी राहिली. सेक्रेटरी हसले, लहान मुलाने मोठ्यासारखं काही बोललं की हसतात तसे. बाबा अजून समजावण्याच्या मनःस्थितीत होते, आणि आता तेही मराठीवर आले. “तुझं राहू दे. पण कायद्याला काय हरकत आहे? कौन्सिल असली की लायकीची माणसंच येतील. कुणी चुकलं तर तक्रार करता येईल.”

“होमिओपॅथीला आहे ना कौन्सिल?”

“आहेच.”

“मग त्या शनिवारची तक्रार केली तर कौन्सिल काय बघेल?”

माझा आवाज कापत होता, पण चालू झाला होता आणि मला तो थांबवायचा नव्हता. मी म्हटलं, “ते बघतील की यांनी पुस्तकात लिहिलंय तसं केलं का. आणि यांनी तसंच केलं. पुस्तकातच लिहिलंय की पंप देऊ नका. परीक्षा कोण घेणार? हेच शिकलेले लोक. पास कोण करणार? तेच. कायद्याने एवढंच ठरेल की खुर्चीवर कोणी बसायचं. त्या गोळीत काही आहे की नाही, ते कोण बघणार?”

“प्रत्येक शास्त्राचं असंच असतं,” बाबा म्हणाले.

“तुम्ही रविवारी तेच करता, बाबा. कॉपी ओरिजिनलसारखी आहे का, ते बघता. ओरिजिनल खरं बोलतंय का, ते नाही बघत. ते तुमचं कामच नाही, मला माहितीय. पण खाली लोक तुमची सही बघून आत जातात. तुम्हीसुद्धा गेलात.”

बाबांनी पेनचं टोपण लावलं. नंतर पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. मला वाटलं, आता ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

पण बोलले ते डॉक्टर. त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. “भाभीजी, देखा आपने? पहले दिन मुँह नहीं खोलती थी. आज बाप से बहस कर रही है.” त्यांनी ट्रेमधला कप उचलला. “दवा लग गई.”

“वाह,” सेक्रेटरी म्हणाले. “यही लिखो, बिटिया. यही तो केस है.”

आणि आईही हसली. तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला आजही आठवते. एवढ्या महिन्यांत कुणीतरी तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं की मुलगी बरी होते आहे.

मी गप्प होते तेव्हा ते लक्षण होतं. बोलले, तो गुण आला. त्रास वाढला तेव्हा रोग बाहेर पडत होता, आणि कमी झाला असता तर औषधाने झाला असता. नाही म्हणायलाही जागा उरली नव्हती, कारण माझं नाहीसुद्धा त्यांनी आपल्या खात्यात जमा करून टाकलं होतं. तेव्हा मला जे कळलं त्यावर मी आजही ठाम आहे. पूल बांधणाऱ्याला परवाना देता येतो, कारण पूल पडू शकतो. ड्रायव्हरला देता येतो, कारण गाडी धडकू शकते. जे कधी चुकूच शकत नाही, त्याला परवाना कशाचा देणार? आणि दिलाच, तर त्याचा उपयोग एवढाच की पुढची कुठलीतरी आई कपाटाकडे जायच्या ऐवजी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघेल.

“लिखती हूँ,” मी म्हटलं. सेक्रेटरींनी आणलेला फुलस्केप कागद ओढला आणि इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. मला दमा आहे. मी हे उपचार घेतले. मला अजूनही दमा आहे आणि मला पंप लागतो. खाली पूर्ण नाव.

सेक्रेटरींनी चष्मा लावून वाचलं. “यह तो उल्टा हो गया.”

“नाम पूरा है,” मी म्हटलं.

निवेदन गेलं. हिंदीत गेलं आणि माझ्या वाक्यांशिवाय गेलं. बाबांनी त्यावर सही केली, हुद्द्यासकट. मी त्यांना अडवलं नाही. ते त्यांचं मत होतं आणि अजूनही आहे. कायदा हवाच, फक्त कडक हवा, असं ते म्हणतात. मी म्हणते, कडक कायद्याने साखरेच्या गोळीचं औषध होत नाही. जेवताना हा विषय आम्ही टाळतो.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी कॉलेजला गेले नाही. ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसने दिल्लीला गेले आणि उतरून, विचारत विचारत, मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या छातीच्या ओपीडीत पोहोचले. एकटीने अनोळखी माणसांना पत्ता विचारणं मला पंप संपण्याइतकंच भीतिदायक वाटायचं, म्हणून मी बायकांनाच विचारलं. रांग गेटपर्यंत होती. आतला डॉक्टर तरुण होता, दमलेला, आणि त्याला शिष्टाचार अजिबात नव्हता. त्याने मान वर न करता एक नळी पुढे केली.

“फूँको. ज़ोर से.”

मी फुंकलं.

“फिर से. जान नहीं है क्या?”

परत फुंकलं. त्याने नळीवर आलेला आकडा लिहिला, मग एका तक्त्यावर माझं वय आणि उंची शोधून तिथे असायला हवा तो आकडा बोटाने दाखवला. दोन्हींत बरंच अंतर होतं.

“पंप किसने बंद कराया?”

“डॉक्टर ने.” मग मी म्हटलं, “रजिस्टर्ड हैं.”

“होंगे,” तो म्हणाला, आणि कागदावर पंपांची नावं लिहिली, एक रोजचा, एक गरजेचा. “रोज़ वाला छोड़ना नहीं. दो महीने बाद आकर फिर फूँकना.”

नंतर बाबांनी मला विचारलं होतं की त्या डॉक्टरकडेही रजिस्ट्रेशनच होतं ना, मग फरक काय. होतंच. पण मी त्याच्या रजिस्ट्रेशनवर विश्वास ठेवला नाही, त्या नळीवर ठेवला. मी ठीक असते तर तिने तसं सांगितलं असतं. दोन महिन्यांनी औषध चाललं नसतं तर तेही सांगितलं असतं, त्या उद्धट डॉक्टरच्या तोंडावर.

घरी पोहोचले तेव्हा आई डायनिंग टेबलाशी भाजी निवडत होती. कुठे गेले होते, ते मी सांगितलं. तिने मेथीची जुडी खाली ठेवली नाही.

“काय काय विचारलं त्याने?”

“फुंकायला सांगितलं.”

“आणि?”

“आणि परत फुंकायला सांगितलं.”

“एवढंच? घरचं, मनाचं, झोपेचं काही नाही?”

“काही नाही.”

“असा कसला डॉक्टर,” आई म्हणाली.

मी हॉस्पिटलमधून आणलेले दोन्ही पंप पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, लोणच्याच्या बरणीशेजारी. “हे आता इथेच राहतील.”

“येत्या शनिवारी तुला बघायला लोक येणार आहेत,” ती जुडीकडे बघत म्हणाली. “तेवढ्यापुरते आत ठेवू. मग काढ परत.”

“इथेच राहतील,” मी म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून मेथी निवडायला घेतली.